पदोन्नतीची यादी लावण्याआधी, जो राहिला त्याला सांगा

प्रति,
राज्यातील सर्व नियुक्ती प्राधिकारी, विभागप्रमुख, कार्यालयप्रमुख आणि विभागीय पदोन्नती समित्यांचे सदस्य यांस

विषय : पदोन्नतीत मागे राहिलेल्या कर्मचाऱ्यास कारणासह आणि वेळेत कळवण्याबाबत

महोदय / महोदया,

पदोन्नतीचा आदेश निघतो तेव्हा त्याच्या प्रती कुणाकुणाला जातात ते आपल्याला पाठ आहे. संबंधित कर्मचारी, त्यांचे कार्यालयप्रमुख, कोषागार, लेखा शाखा आणि शेवटी निवड नस्ती (अशा आदेशांच्या प्रती ठेवायची फाइल). ज्येष्ठतेनं ज्याचं नाव त्या आदेशात यायला हवं होतं आणि आलं नाही, त्याचा या यादीत कुठेच उल्लेख नसतो. त्याला ही गोष्ट कळते मोबाइलवर फिरणाऱ्या पीडीएफमधून. ज्येष्ठता यादीत आपला क्रमांक ४१. आदेशाच्या तक्त्यात ४० नंतर थेट ४२. माणूस ते पान दोन बोटांनी मोठं करून पाहतो, पुढच्या पानावर जातो, परत मागे येतो. तोवर पलीकडच्या टेबलावर पेढ्यांचा बॉक्स उघडलेला असतो आणि त्याला उठून अभिनंदन करायला जावं लागतं.

हे पत्र त्या क्रमांक ४१ बद्दल आहे.

सगळ्यांना पदोन्नती द्या, असं आमचं म्हणणं नाही. वरची पदं खालच्या पदांपेक्षा कमीच असणार आणि दर बैठकीत कुणीतरी मागे राहणार. पण नकार पचवायला माणसाला दोन गोष्टी लागतात: कारण आणि पुढची तारीख. दोन्ही आपल्याकडे असतात. समितीच्या इतिवृत्तात लिहिलेल्या असतात. त्या ज्याच्या आहेत त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, आणि मग पुढची पाच-सात वर्षं तो माणूस, त्याचं टेबल आणि त्या टेबलावर कामासाठी येणारे लोक त्याची किंमत मोजत राहतात.

कारण कळवणं ही मेहेरबानी नाही, हे आधी स्पष्ट करून घेऊ. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ मध्येच लिहिलं आहे, की सार्वजनिक प्राधिकरणानं आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणं त्या निर्णयाची झळ पोचणाऱ्या व्यक्तींना दिली पाहिजेत. त्यांनी अर्ज करावा, मग देऊ, असं ते कलम म्हणत नाही. पदोन्नती मिळणं हा कुणाचाच हक्क नाही. पण पदोन्नतीसाठी आपल्या नावाचा विचार होणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १६ खालचा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. आपला विचार झाला की नाही हेच ज्याला कुणी सांगत नाही, त्यानं तो हक्क बजावला गेला हे ओळखायचं कसं?

देव दत्त यांचं प्रकरण प्रत्येक आस्थापना शाखेत (कर्मचाऱ्यांच्या सेवेचं काम पाहणाऱ्या शाखेत) माहीत असायला हवं. ते सीमा रस्ते संघटनेच्या अभियांत्रिकी सेवेत कार्यकारी अभियंता होते. अधीक्षक अभियंता होण्यासाठी मागच्या पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांत (कामाबद्दल वरिष्ठ दरवर्षी लिहितात त्या) ‘अतिशय चांगला’ ही किमान प्रतवारी लागत होती. १९९३-९४ या एका वर्षी त्यांना ‘चांगला’ मिळालं होतं आणि तेवढ्यावर ते अडले. त्यांचे कनिष्ठ पुढे गेले. ‘चांगला’ हा काही प्रतिकूल शेरा नव्हे, आणि फक्त प्रतिकूल शेरे कळवायचे असा दंडक, म्हणून तो शेरा त्यांना कधी कळवलाच गेला नव्हता. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला तोपर्यंत ते निवृत्त झाले होते. न्यायालयानं म्हटलं, प्रत्येक शेरा कळवला पाहिजे, कारण शेरा चांगला की वाईट हे शब्दावर ठरत नाही, त्याच्या परिणामावर ठरतं. शेरा दोन महिन्यांत कळवा, त्यांना अभिवेदनाची (आपलं म्हणणं लेखी मांडण्याची) संधी द्या, प्रतवारी वाढली तर पदोन्नतीचा मागील तारखेपासून विचार करा आणि ती मिळाली तर थकबाकी ८ टक्के व्याजानं द्या, असा आदेश झाला. पुढे २०१३ मध्ये सुखदेव सिंग यांच्या प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हेच कायम केलं: प्रतवारी कुठलीही असो, ती वाजवी मुदतीत कळवायचीच.

आता प्रत्यक्ष कामाकडे येऊ. ‘पदोन्नती झाली नाही’ या तीन शब्दांत चार वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, आणि चारही एकाच गप्प राहण्यानं हाताळल्या जातात. चूक इथेच सुरू होते.

पहिली, जागाच नाही. पदं नऊ, हा बारावा. किंवा बिंदुनामावलीत (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची, हे ठरवणाऱ्या आरक्षणाच्या तक्त्यात) त्या वर्षी त्याच्या प्रवर्गाचा बिंदू रिकामा नाही. यात त्या माणसाच्या कामाबद्दल कुणीच काही म्हटलेलं नाही. पण त्याला हे सांगितलं नाही तर तो ते आपल्या कामावरच घेतो. इथे फक्त आकडे सांगायचे: किती पदं होती, आपला क्रमांक कितवा, पुढच्या वर्षभरात वरच्या संवर्गातून किती जण सेवानिवृत्त होणार. सेवानिवृत्तीच्या तारखा आस्थापना शाखेकडे असतातच, हा हिशेब अर्ध्या तासाचा आहे.

दुसरी, कागद अपुरा. यातला नकार सर्वांत जास्त टाळता येण्यासारखा, म्हणून सर्वांत क्लेशकारक. पाचपैकी एका वर्षाचा गोपनीय अहवाल नस्तीत नाही. का नाही, तर त्या वर्षी प्रतिवेदन अधिकारी (अहवाल लिहिणारे वरिष्ठ) बदलून गेले आणि जाताना अहवाल लिहिला नाही. किंवा वर्षभरात तीन-चार अधिकारी झाले, त्यांतल्या काहींच्या हाताखाली तीन महिने भरलेच नाहीत, आणि ‘या कालावधीचा अहवाल लिहिता येत नाही’ असं प्रमाणपत्र कुणी नस्तीत लावलं नाही. किंवा प्रतिवेदन झालं, पण पुनर्विलोकन अधिकाऱ्याच्या (अहवाल तपासणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याच्या) टेबलावर अहवाल पडून राहिला. याखेरीज विभागीय परीक्षेचा निकाल सेवापुस्तकात नोंदलेला नसणं, संगणक अर्हतेचं प्रमाणपत्र मूळ कार्यालयात राहून जाणं, मत्ता व दायित्वाचं विवरणपत्र मिळाल्याची नोंद नसणं. समितीसमोर हे सगळं ‘माहिती अपूर्ण, सबब विचार पुढे ढकलला’ एवढ्या एका ओळीत संपतं. त्या ओळीत ज्याचा काडीचाही दोष नाही असा माणूस वर्षभर मागे पडतो आणि त्याची ज्येष्ठता कायमची विस्कटते.

याला उपाय साधा आहे. बैठकीच्या दोन महिने आधी विचारक्षेत्रातल्या (समिती ज्यांच्या नावांचा विचार करणार त्यांतल्या) प्रत्येकाच्या नावासमोर एक तक्ता करा. उभ्या रकान्यांत पाच वर्षं, प्रत्येक वर्षाखाली तीन खुणा: प्रतिवेदन झालं, पुनर्विलोकन झालं, कर्मचाऱ्याला कळवलं. त्यापुढे परीक्षा, अर्हता, विवरणपत्र. हा तक्ता प्रत्येकाला त्याच्यापुरता पाठवा आणि पंधरा दिवसांत त्रुटी दाखवायला सांगा. जो अहवाल प्रशासन दोन वर्षं शोधत असतं, त्याची झेरॉक्स कर्मचाऱ्याच्या घरच्या फाइलीत व्यवस्थित ठेवलेली असते, असं पुष्कळदा होतं.

तिसरी, प्रतवारी कमी पडली. हा खरा नकार. आणि तो बैठकीत ठरत नाही. तो तीन-चार वर्षं आधी, ३१ मार्च उलटल्यावर घाईघाईनं अहवाल लिहिले जातात तेव्हा ठरलेला असतो. वीस अहवाल एका दमात उरकताना सगळ्यांना ‘चांगला’ लिहिण्यात कुणाचं वाईट करण्याचा हेतू नसतो. पण त्या एका शब्दानं माणूस अडतो हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. म्हणून प्रतिवेदन अधिकाऱ्यांना आमची विनंती: पुढच्या पदाला किमान प्रतवारी कोणती लागते, ते माहीत करून घेतल्याशिवाय पेन उचलू नका. आणि त्या प्रतवारीच्या खाली लिहायचं ठरवलंच, तर सोबत निदान एक प्रसंग लिहा. ‘कामात चालढकल’ हा शेरा निरुपयोगी आहे. ‘ऑगस्टमध्ये प्रलंबित असलेली ३० प्रकरणं डिसेंबरअखेर तशीच होती, दोन वेळा लेखी स्मरण दिलं’ हा शेरा वाचून माणूस रागावेल, पण काय सुधारायचं ते त्याला कळेल. एका वर्षी वरची प्रतवारी आणि पुढच्या वर्षी एकदम खालची द्यायची असेल, तर त्या उतरणीचं कारण नोंदवून ते कळवावं लागतं. उत्तर प्रदेश जल निगमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच हे सांगितलं आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास कर्मचाऱ्याशी दहा मिनिटं बोलणंही हवं. मार्चनंतर सांगितलेली चूक सुधारायला त्या वर्षात वेळच उरलेला नसतो.

चौथी, विभागीय चौकशी. इथे निष्कर्ष मोहोरबंद लिफाफ्यात ठेवले जातात. जानकीरामन प्रकरणात १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की दोषारोपपत्र बजावल्यानंतरच हा लिफाफा वापरता येतो. नुसती तक्रार आली आहे किंवा प्राथमिक चौकशी चालू आहे, एवढ्यावर नाही. ज्याचा लिफाफा ठेवला आहे त्याला तसं सांगा. आपण अपात्र ठरलो की निर्णय बंद करून ठेवला आहे, यातला फरक त्या माणसाला झोप लागण्या-न लागण्याइतका मोठा असतो.

सांगायचं कसं, यावर आता थोडं सविस्तर लिहितो, कारण नियमांची पुस्तकं तिथे गप्प आहेत.

आदेश बाहेर पडण्याआधी सांगा. निदान त्याच दिवशी सकाळी, पीडीएफ गटावर पडण्यापूर्वी. कार्यालयप्रमुखानं स्वतः सांगावं, अधीक्षकाकरवी निरोप धाडू नये. दार लावलेलं, फोन बाजूला, समोर तो एकटा. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पहिल्याच वाक्यात नकार सांगा: “आजच्या आदेशात आपलं नाव नाही.” मुलांच्या शिक्षणाची चौकशी, चहा, कामाचं कौतुक आणि मग ‘पण’, असा वळसा घेऊ नका. समोरच्याला पहिल्या मिनिटातच सुगावा लागतो आणि पुढची पाच मिनिटं तो त्या ‘पण’ची वाट बघत बसतो. त्यानंतर ते कौतुकही त्याला खोटं वाटायला लागतं. दुसऱ्या वाक्यात कारण, वरच्या चारपैकी कोणतं ते नेमकं. तिसऱ्यात पुढं काय आणि केव्हा. मग थांबा. तो गप्प बसेल, तर बसू द्या. ती शांतता भरून काढायच्या घाईत अधिकाऱ्याच्या तोंडून नको ती वाक्यं निघतात.

ती वाक्यंही सांगून ठेवतो. “वरूनच तसं आलं.” समितीचा निर्णय असताना असं म्हटलं, की तो माणूस पुढची कित्येक वर्षं ‘वर’ कोण आहे ते शोधत राहतो. “माझ्या हातात असतं तर...” म्हणजे निर्णय चुकीचा होता याची कबुलीच. “पुढच्या वेळी नक्की.” हे सर्वांत घातक. पुढची बैठक कधी होईल, तेव्हा पदं किती असतील, आपण त्या खुर्चीत असू का, यांतलं काहीही आपल्या हातात नसताना दिलेला हा शब्द मोडला, की दुसरा नकार पहिल्यापेक्षा दुप्पट लागतो. “मनाला लावून घेऊ नका” असंही म्हणू नका. वीस वर्षांच्या नोकरीनंतरचा नकार मनाला लागणारच. त्यापेक्षा “हे ऐकणं जड आहे, मला कल्पना आहे” एवढं पुरे. आणि दुसऱ्या कुणाच्या निवडीबद्दल एक अक्षरही बोलू नका.

त्या दिवशी त्यानं अर्ध्या दिवसाची रजा मागितली तर प्रश्न न विचारता द्या.

तोंडी सांगितल्यावर हातात पत्र द्या. ऐकताना माणसाच्या कानात पहिलं वाक्यच घुमत राहतं, बाकीचं घरी गेल्यावर आठवत नाही. पत्र असं असू शकेल:

“... या पदावरील पदोन्नतीसाठी दि. ... रोजी झालेल्या विभागीय पदोन्नती समितीच्या बैठकीत आपल्या नावाचा विचार करण्यात आला. विचारात घेतलेली वर्षे : ... ते ... . आवश्यक किमान प्रतवारी : ... . आपली प्रतवारी वर्षनिहाय : ... . ... या वर्षाची प्रतवारी आवश्यक प्रतवारीपेक्षा कमी असल्याने समितीने आपणास या निवडसूचीसाठी अपात्र ठरविले आहे. याबाबत आपणास अभिवेदन करावयाचे असल्यास ते दि. ... पर्यंत या कार्यालयाकडे सादर करावे. अभिवेदनावरील निर्णय आपणास दि. ... पर्यंत कळविण्यात येईल.”

सात-आठ ओळी. दुसऱ्या प्रकारच्या नकारात ‘प्रतवारी’च्या जागी कोणता कागद, कोणाकडून, कधीपर्यंत, एवढा बदल. शेवटच्या वाक्यातली तारीख मात्र पाळा. केंद्र सरकारच्या कार्यालयांत २००९ पासून अहवालावर अभिवेदनासाठी १५ दिवस आणि ते मिळाल्यापासून निर्णयासाठी ३० दिवस, असा प्रघात घालून दिलेला आहे. तारीख लिहून देण्याचं धाडस त्यांना जमतं, तर आपल्यालाही जमेल.

एवढ्यानं खरंच फरक पडतो का, असा प्रश्न रास्त आहे. जेराल्ड ग्रीनबर्ग या अमेरिकी संशोधकानं १९९० मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास याचं उत्तर देतो. एका कंपनीच्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी १५ टक्के पगारकपात झाली. एका कारखान्यात वरिष्ठांनी दीड तास बसून का कपात करावी लागली ते आकड्यांसह सांगितलं, खेद व्यक्त केला, प्रश्नांना उत्तरं दिली. दुसऱ्या ठिकाणी पंधरा मिनिटांत घोषणा उरकली. कपात दोन्हीकडे सारखीच. पण कारखान्यातल्या मालाची चोरी दुसऱ्या ठिकाणी कितीतरी जास्त वाढली. सरकारी कार्यालयात चोरीच्या ऐवजी दुसरं काहीतरी होतं. फाइल ‘चर्चा करावी’ शेऱ्यात फिरत राहते, येणाऱ्याला ‘उद्या या’ सांगितलं जातं, आणि नव्यानं लागलेल्या मुलाला कुणी काम शिकवत नाही.

दुसऱ्या दिवसाची सकाळ पहिल्या दिवसाहून अवघड असते. कालपर्यंत ज्याला “अरे, ती नस्ती दे जरा” म्हणायचो, त्याच्याच केबिनबाहेर आज सही घ्यायला उभं राहायचं. हाक काय मारायची इथपासून अडतं. पदोन्नत झालेल्या अधिकाऱ्याला आपण हे आधी बजावून ठेवा: पहिल्या दिवशी त्यानं स्वतः उठून जुन्या सहकाऱ्याच्या टेबलापाशी जावं. त्याला केबिनमध्ये बोलावून घेऊ नये. चारचौघांत दोघांनीही एकमेकांना ‘आपण’ म्हणावं, एकमेकांत जुनं ‘काका’, ‘ताई’, ‘दादा’ चालू राहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्या टिप्पणीवर लाल शाईनं दुरुस्त्या करून परत पाठवू नयेत. चूक असेल तर जाऊन बोलावं.

शाखा बदलून द्यायची का? विचारून द्या. न विचारता हलवलं तर तो शिक्षा समजतो, आणि न हलवता ठेवलं तर कधीकधी रोजचं ते तोंडासमोर येणं सहन होत नाही. दोन्ही खरं आहे, म्हणून त्यालाच विचारावं. कामाचंही तसंच. दया म्हणून टेबल हलकं केलं की त्याला वाटतं, आपल्याला मोडीत काढलं. त्याच्या हातातलं महत्त्वाचं काम त्याच्याकडेच राहू द्या.

तीन-चार आठवडे लक्ष ठेवा. डबा एकट्यानं खाणं, सुटी सुटी रजा, वर्षानुवर्षं बिनचूक केलेल्या कामात चुका, “आता आमचं काय राहिलंय” अशी भाषा. एकदोन दिवस हे चालायचंच. आठवडे उलटले तरी थांबलं नाही, किंवा बोलण्यात जगण्याचा कंटाळा डोकावला, तर संकोच सोडून सरळ विचारा, त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना कळवा. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक सूचना फलकावर लावायला कुठल्याही परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही.

यापुढचा मजकूर आपल्यासाठी नाही. त्याची प्रत काढून ती ज्याचं नाव राहिलं त्याच्या हातात द्या.

तुमचं नाव यादीत नाही हे कळल्यावर पहिले तीन दिवस कुठेही काही लिहून पाठवू नका. कार्यालयाच्या गटावर नाही, मंत्रालयात नाही आणि स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज तर मुळीच नाही. जुन्या निवृत्तिवेतन नियमांखालच्या कर्मचाऱ्याला २० वर्षांच्या अर्हताकारी सेवेनंतर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. ती मागे घ्यायची तर ठरलेल्या तारखेआधी आणि नियुक्ती प्राधिकाऱ्याच्या संमतीनंच. रागाच्या दुपारी टाइप केलेला तो अर्ध्या पानाचा अर्ज पुढे घरच्या हिशेबाला पुरून उरतो.

लिहायचंच असेल तर स्वतःसाठी लिहा. अमेरिकेत नोकरी गेलेल्या अभियंत्यांवर १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही जणांना सलग पाच दिवस रोज वीस मिनिटं, नोकरी जाण्याबद्दल मनात खोलवर काय चाललंय ते लिहायला सांगितलं होतं. पुढच्या आठ महिन्यांत न लिहिणाऱ्यांपेक्षा त्यांच्यातल्या जास्त जणांना नवी नोकरी लागली. मुलाखती त्यांना जास्त मिळाल्या नव्हत्या. मनातला राग बहुधा मुलाखतीच्या टेबलावर सांडला नाही, एवढंच. जुन्या डायरीत लिहा, कुणाला दाखवू नका, हवं तर फाडून टाका.

चौथ्या दिवशी कामाला लागा. आपला नकार चारपैकी कोणता, हे आधी शोधा. कार्यालयानं सांगितलं नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांचं शुल्क, तीस दिवसांची मुदत, उत्तर न आल्यास प्रथम अपील. मागायचं फक्त हे: माझ्या मागील पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांच्या प्रती, समितीच्या इतिवृत्तातला माझ्याशी संबंधित भाग, आणि अंतिम ज्येष्ठता यादी. ‘मला का डावललं?’ असा प्रश्न अर्जात घालू नका. ‘का’चं उत्तर म्हणजे माहिती नव्हे, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं २००८ मध्ये ठरवलं आहे आणि त्या एका शब्दावर अर्ज परत येतो. दस्तऐवज मागा, त्यात ‘का’ आपोआप सापडतं. दुसऱ्याचे अहवालही मागू नका. सेवेसंबंधीचा असा तपशील वैयक्तिक माहितीत मोडतो, असं सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या निकालापासून धरलं जातं.

मग अभिवेदन. एक पान, फार तर दीड. पहिल्या परिच्छेदात आदेशाचा क्रमांक आणि दिनांक. दुसऱ्यात नेमकी चूक: कोणत्या वर्षाचा कोणता शेरा, तो कधी कळवला किंवा कळवलाच नाही, त्या वर्षी केलेल्या कामाचे आकडे. तिसऱ्यात मागणी, एकच. साहेबांचा हेतू काय होता, त्यांचं कुणाशी गूळपीठ होतं, हे सगळं वगळा. ते खरं असलं तरी सिद्ध करता येत नाही आणि वाचणारा तुमचा मुख्य मुद्दा तिथेच सोडून देतो. अभिवेदन योग्य मार्गानं द्या, आवक शाखेचा क्रमांक व तारीख असलेली पोच घ्या आणि ती घरी ठेवा.

त्या पोचेवरच्या तारखेपासून मोजणी सुरू होते. राज्य सरकारी कर्मचाऱ्याला दाद मागायची जागा म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, ज्याला सगळे मॅट म्हणतात. अभिवेदनावर लेखी उत्तर आलं तर त्यापासून एक वर्षात तिथे जाता येतं. उत्तरच आलं नाही तर सहा महिने थांबायचं आणि त्यापुढे एक वर्ष. यात सर्वाधिक लोक कुठे फसतात, तर स्मरणपत्रांत. एक स्मरणपत्र, मग दुसरं, मग भेट, मग तिसरं, असं करत चार वर्षं जातात. पुनःपुन्हा अर्ज केल्यानं मुदत वाढत नाही, हे राठोड यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलं आहे. म्हणून अभिवेदन दिल्याच्या दिवशीच कॅलेंडरवर सहा महिन्यांची आणि दीड वर्षाची अशा दोन तारखांना खूण करा.

कागद वाचून आपली प्रतवारी खरंच कमी होती असं दिसलं, तर ते मान्य करायला वेळ द्या आणि चालू वर्षाचं स्वयंमूल्यांकन आतापासून लिहायला घ्या. महिन्याच्या शेवटी पाच ओळी: किती प्रकरणं आली, किती निकाली, कोणतं काम वेळेआधी झालं. मार्चमध्ये आठवून लिहिलेल्या स्वयंमूल्यांकनात ‘नेमून दिलेली सर्व कामे पार पाडली’ एवढंच उरतं, आणि त्यावर ‘चांगला’ याहून वेगळा शेरा मिळणं कठीण.

घरी सांगा. त्याच दिवशी, दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत.

महोदय, आपल्याकडे एक मागणी उरली. पुढच्या पदोन्नती आदेशाखाली प्रतींची जी यादी असते, त्यात ‘निवड नस्ती’च्या वर एक ओळ वाढवा: ‘विचारक्षेत्रातील, परंतु या आदेशात नाव समाविष्ट नसलेले कर्मचारी (कारण कळवणाऱ्या स्वतंत्र पत्रासह)’. आदेशावर सही करण्यापूर्वी ती पत्रं पाकिटात भरलेली आहेत ना, एवढं पाहून घ्या.

आपले,
आस्थापनेच्या कामात सारी नोकरी काढलेले काही सेवानिवृत्त आणि सेवेतले कर्मचारी